दुकानातून गावी, गावाहून डब्यात

"बाबा, दिवाळीला गावी जाताना तुम्ही रुचाच्या पप्पांच्या दुकानातून तांदळाची पोती का नेता?"

"विचारून तर दाखव," असं रुचाने सगळ्या मैत्रिणींसमोर मला सुनावलं होतं. कारण डबा उघडला की मी ऐटीत सांगते, हा भात आमच्या आजोबांच्या, तात्यांच्या शेतातला.

बाबांनी आईकडे बघितलं. आईने गॅस बारीक केला. शेवटी बाबाच बोलले.

"नांगरणी, कापणी, मळणी, सगळं भाड्याच्या मशीनवर. भाडं दरवर्षी चढतं, तांदळाचा भाव तिथेच. मशीनवाल्यांचं भागवण्यातच सगळं पीक जातं. हिशेब मी बघतो, तात्यांना हे माहीत नाही. मग मी ही पोती नेतो आणि तात्यांना सांगतो, आपलाच आहे, गिरणीतून भरडून आणला."

"मग शेती बंद करा ना."

"तात्यांना कोण सांगणार? तू?"

दरवर्षी बाबा गावाहून परत निघताना तात्या त्यातलंच एक पोतं गाडीत ठेवायला लावतात. "माझ्या नातीला घरचं खाऊ दे," म्हणतात.

"यंदा मीपण येणार," मी दोघांना सांगून टाकलं. "पोती उतरवताना तात्यांना गप्पांत गुंतवायला कुणीतरी हवं ना."