पुसूनही परत येणारं चिन्ह

"आजोबा, एकदाच दाखवा, मग मीच करते," नात म्हणाली. मी संगणकाच्या यादीतलं चित्रकलेचं चिन्ह माऊसने ओढून डेस्कटॉपवर सोडलं. "आता रोज शोधायला नको."

तिनेही तसंच केलं, पण पडद्यावर चिन्हाच्या जागी तिचाच चेहरा उमटला. खाली तिचं नाव.

"मी नाही हं केलं!"

"माहीत आहे गं, राणी." मी ते पुसलं. ते परत आलं, आणखी ठळक होऊन. ते जसं ठळक झालं, तसा माझ्या हातातला तिचा हात गार पडत गेला.

शाळेतले फळे पुसण्यातच माझं आयुष्य गेलंय. मी सात वेळा पुसलं, मग वायरच उपटली. काळ्या पडद्यावर चेहरा तसाच होता.

"हिला न्यायचं तर आधी माझ्याशी गाठ आहे!" मी ठणकावलं.

चेहऱ्याशेजारी एक रिकामी चौकट उघडली. तिच्याखाली अक्षरं उमटली: आजोबा.