थिजलेलं तेल

"थिजतंय म्हणजे अस्सल हाय," असं म्हणत हौसाबाई भोईण रोज सुनेला कटला माशाच्या तेलाचा चमचा पाजत होती. चांगलं तूपही थिजतंच की! हिवाळ्यातलं पातळ तेल तिने हलकं समजून शेजारणीला देऊन टाकलं होतं. समुद्रातली मासळी संपल्यापासून पोटुशा बायकांना धरणातल्या माशांचाच आधार होता. तेल लागू पडलं नाही, तर जन्मलेलं मूल आईलाही ओळखत नसे.

सुनेला तपासायला आलेल्या नर्सबाईने तेलाची बाटली उलटी केली. तेल हललं नाही.

"मावशी, पाणी थंड असलं तरच मासा चरबी पातळ ठेवतो. बाळाच्या मेंदूला तीच लागते. आठवा सरत आलाय, आजपासून पातळ द्या."

"आत्याबाई, माझं बाळ..." सून वैजयंताने पोटावर हात ठेवला.

शेजारणीने ती पातळ तेलाची बाटली कधीच संपवली होती. हौसाबाई जाळं घेऊन धरणात उतरली. गुडघ्याला पाणी कोमट, कमरेलाही कोमट. कुठेतरी गार लागेल म्हणून ती तळ चाचपत पुढे सरकत राहिली. पाणी गळ्याशी आलं.

"आत्याबाई, मागं फिरा!" काठावरून सून ओरडली.

"लागलं गं तळव्याला गार!" हौसाबाईने खोटंच सांगितलं आणि जाळं पाण्यात सोडलं.