रिक्त जागा

"ताई, बोटांकडे नाही, पॅसेजकडे बघा," कुमुदिनीने तिसऱ्यांदा सांगितलं. शेवटी तिने टेबलावरचा नॅपकिन उचलला आणि संजीवनीच्या दोन्ही हातांवर, कीबोर्डसकट, पसरला. "आता दिसणारच नाही. करा सुरू."

बदलापूरच्या त्या टायपिंग क्लासमध्ये दुपारच्या बॅचला सगळी कॉलेजची पोरं. एकटी संजीवनी चाळिशीची. अंबरनाथहून यायची. तिचा नवरा विक्रांत सरकारी कचेरीत क्लार्क होता. वर्षापूर्वी कामावरच कोसळला आणि गेला. त्याच्या जागी तिला घ्यायला कचेरी तयार होती, पण मराठी टायपिंगचं सर्टिफिकेट हवं होतं. परीक्षा आठ दिवसांवर आलेली, आणि ही अजून एका बोटाने एकेक अक्षर शोधत होती.

नॅपकिनखाली बोटं जराशी चाचपडली. मग चालू लागली.

कुमुदिनी पलीकडच्या पोराची चूक दाखवत होती, ती तशीच थांबली. एकवीस वर्षं शिकवल्यावर नुसत्या आवाजावरून स्पीड कळतो. हा मिनिटाला चाळीस शब्दांच्या वरचा होता. एकसारखा, कुठे अडखळणं नाही, आणि दर शब्दानंतर स्पेसबारवर अंगठा जोरात आपटायचा. शिकाऊ हात असा वाजत नाही.

"वा, ताई!" म्हणत ती मागे येऊन उभी राहिली. संजीवनी सांगितल्याप्रमाणे पॅसेजकडेच बघत होती. पॅसेज पाणी जपून वापरण्याविषयी होता. स्क्रीनवर पाण्याचं नावही नव्हतं.

'महोदय, सविनय सादर करतो की, माझी रजा संपली असून मी लवकरच कामावर हजर होत आहे. माझी जागा रिक्त समजू नये. सबब माझ्या पत्नीचा अर्ज नामंजूर करावा. सदर बाईस हे काम जमणार नाही. आपला विश्वासू,'

कुमुदिनी पुढे वाकली. "ताई, थांबा. हे काय लिहिताय?"

"मी कुठं काय? पॅसेजच तर..." संजीवनीने स्क्रीनकडे पाहिलं. ती वाचत होती आणि खाली तिचे हात चालूच होते. तिच्या डोळ्यांदेखत शेवटच्या ओळीखाली 'विक्रांत' उमटलं.

तापल्या तव्यावरून काढावेत तसे तिने हात मागे ओढले.

"बंद करू का कंप्युटर?" कुमुदिनीने स्विचकडे हात नेला.

"नको." संजीवनीचा चेहरा पांढराफटक झाला होता, पण ती उठली नाही. तिने नॅपकिन बाजूला केला. "पुसायचं बटण कुठलं, मॅडम? एका बोटाने पुसलं तर चालेल ना?"

कुमुदिनीने बटण दाखवलं. संजीवनीने नावापासून सुरुवात केली. एकेक अक्षर मागे मागे जात राहिलं. ती पुटपुटत होती, भांडणाच्या नाही, नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात.

"मी माहेरी कधी जायचं ते तुम्ही ठरवलंत. थोरलीचं कॉलेज तुम्ही बंद केलंत. आता धाकटीचं नाही करू देणार."

आजूबाजूची पोरं खाली मान घालून आपापलं बडवत होती. स्क्रीन कोरी झाली. संजीवनीने पदराने बोटं पुसली, पॅसेज जवळ ओढला आणि 'पाणी' लिहिलं. ते चुकलं. तिने पुन्हा लिहिलं.

पुढचे आठ दिवस ती सकाळ-दुपार येत होती. काठावर का होईना, पास झाली.

कामाच्या पहिल्या दिवशी अकराच्या सुमारास कुमुदिनीला तिचा फोन आला.

"मॅडम, हजर झाले."

"अरे वा! टेबल मिळालं?"

"त्यांचंच दिलं." संजीवनीने आवाज खाली केला. "खुर्चीला हात लावला, तर गरम. आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी. शिपायाला विचारलं, तर म्हणाला, वर्षभरात इथं कोणी बसलंच नाही."

"मग? उभ्याच आहात का?"

"नाही हो," संजीवनी म्हणाली. "जरा सरका म्हटलं, आणि बसले."