चेन शाबूत

सुटाची चेन गळ्यापाशी अडकली होती. वर जात नव्हती, खाली येत नव्हती. गुरुसिद्धप्पांच्या गळ्यातल्या इष्टलिंगाचा दोरा तिच्या दातांत गेला होता आणि लिंग आत, छातीवर, जाड निळ्या सुटाच्या आड होतं.

गुरुसिद्धप्पा द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजवर पहाटेच्या पाळीचे सुपरवायझर. सूट कॅनडातल्या मुलानं, शंभुलिंगनं पाठवलेला. डोक्यापासून घोट्यापर्यंत एकच. रोज पाळी संपली की तो तिथंच उतरवायचा, घरी येऊन अंघोळ करायची, लिंगपूजा करायची आणि मग पाण्याचा पहिला घोट घ्यायचा. आज ते सुटासकट स्कूटरवरून घरी आले. एप्रिलचं ऊन होतं. अणदूरच्या स्टँडवर एसटीची वाट बघणारी माणसं उठून उभी राहिली.

आता ते ओसरीवर पंख्याखाली उभे होते. पूजा नाही, म्हणून पाणी नाही. समोर इरम्मा कात्री घेऊन उभ्या होत्या.

"कापते."

"थांब," गुरुसिद्धप्पा बायकोला म्हणाले. "चेनीला आयुष्यभराची वॉरंटी हाय."

हे अख्ख्या अणदूरला माहीत होतं. चहाच्या टपरीवर ते चेनीचा रनर खालीवर करून दाखवायचे. तिथं रोज येणाऱ्या माणिकप्पाच्या जर्किनला चेनीच्या जागी सेफ्टी पिन होती. त्याला तर त्यांनी दोन हिवाळे सुखानं चहा पिऊ दिला नव्हता. चेन कापली हे माणिकप्पाला कळलं असतं, तर टपरी बदलावी लागली असती.

पाण्याच्या माठाला टेकवलेल्या फोनमध्ये शंभुलिंग होता. त्याच्या दुसऱ्या पडद्यावर सुटाच्या कंपनीचा माणूस होता.

"अप्पा, ते विचारतायत, चेन अडकली तेव्हा बर्फ किती जाड होता?"

"कसला बर्फ?"

"आणि मासा गळाला लागला होता का?"

"मासा?" इरम्मा म्हणाल्या.

शंभुलिंगला सांगावं लागलं. तिकडं तळी गोठतात. बर्फाला भोक पाडून लोक गळ टाकून बसतात. हा सूट त्यांच्यासाठीचा. सगळ्यात उबदार तोच मिळाला.

"आन् म्या दोन वर्षं ह्यो धुऊन देवघराच्या खिडकीत वाळत घातला," इरम्मा म्हणाल्या आणि कात्री उघडली.

"नवाच होता, अव्वा. मासा बघितलाबी न्हाय त्यानं."

"द्राक्षं होती म्हणून लिही," गुरुसिद्धप्पा म्हणाले.

"द्राक्षं लिहिली तर वॉरंटी जाईल."

"मग काय खोटं लिहून पूजेला बसू? द्राक्षं लिही."

शंभुलिंगनं लिहिलं. उत्तर येईना. गुरुसिद्धप्पांच्या हनुवटीवरून घाम सुटावर ठिबकत होता आणि सूट तो आत घेत नव्हता.

"अप्पा, दोराच कापा ना. नंतर नवा ओवता येईल."

गुरुसिद्धप्पांनी गळ्यापाशी हात नेला. दोरा तुटला तर लिंग अंगावेगळं होणार. दीक्षा घेतल्यापासून ते कधी झालं नव्हतं. इरम्मा फोनजवळ गेल्या.

"तुझा दोरा दाखव की जरा."

पडद्यावर शंभुलिंगचं फक्त कपाळ उरलं.

"उत्तर आलं," कपाळ म्हणालं. "द्राक्षं चालतील म्हणतायत. पण चेन, रनर, दात, कशालाच हात लावायचा नाही. साबण नाही, मेण नाही, कात्री नाही. जशी अडकलीय तशी तपासायला पाठवायची."

"म्हंजे मला पाठवायचं?"

"विचारू का?"

"नगं," इरम्मा म्हणाल्या. "चेनीलाच हात लावायचा न्हाय म्हणतेत नव्हं?"

"व्हय, अव्वा."

"बाकीच्याचं काय म्हणले न्हाइत?"

"न्हाय."

"अहो, वळा तिकडं."

कात्री मानेपाशी घुसली आणि पाठीवरून कमरेपर्यंत गेली. आतला पांढरा कापूस पंख्यानं ओसरीभर उडाला. गुरुसिद्धप्पा सुटाच्या मागच्या बाजूनं बाहेर आले. सूट मात्र त्यांच्या गळ्यातल्या दोऱ्याला पुढं लटकत राहिला. अंघोळीच्या वेळी इरम्मांनी तो तोंड फिरवून हातभर लांब धरला.

देवघरात गुरुसिद्धप्पांनी लिंग डाव्या तळहातावर घेतलं. सूट मांडीवर. चिमटीतली विभूती थोडी लिंगावर पडली, थोडी चेनीवर. पूजा नेहमीएवढीच चालली. मग ते तांब्याभर पाणी एका दमात प्याले, तांब्या खाली ठेवला आणि सवयीनं रनरला बोट लावलं.

चेन सुर्रकन खाली गेली. दोरा अखंड सुटून छातीवर आला.

गुरुसिद्धप्पांनी रनर वर नेला. खाली आणला. पुन्हा वर नेला. इतकी हलकी ती पहिल्या दिवशीही चालली नव्हती. त्यांनी इरम्मांकडं बघितलं नाही.

"अप्पा," ओसरीवरून फोन ओरडला, "ते चेनीचा फोटो मागतायत."

इरम्मा सूट घेऊन ओसरीवर आल्या. फाटकी पाठ आपल्या अंगाला लावून त्यांनी चेन फोनसमोर धरली.

"चेन चांगली हाय म्हणावं," त्या म्हणाल्या. "बाकीचा सूट तेवढा बदलून द्या."