असली लकडी

साहेबराव माठापुढं उकिडवा बसून तोटीखाली स्पंज धरत होता, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"म्हणजे तूच हायेस व्हय."

अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या, वाळूजच्या कंपनीत वीस जणांवर हुकूम चालवणारा. पण आईनं चोरी पकडली की वय कुठं जातं कोण जाणे. स्पंज टपटप गळत होता. त्यानं घाईघाईनं खाली पेला धरला, निदान थेंब तरी वाया जाऊ नयेत म्हणून.

हर्सूलच्या पुढं या नव्या वसाहतीत घरं भराभर उठली, पण नळ काही त्यांच्या मागं आला नाही. बोअरनं होळीआधीच मान टाकली. आठवड्यातून दोनदा टँकर यायचा. तो चुकला की तीन दिवस हात चोळत बसायचं. घरातलं पाणी सगळं आईच्या, गीताबाईच्या ताब्यात. गेले आठ दिवस माठ रोज अर्धा पेला जास्त उतरत होता. तिनं माठाचं बूड तपासलं, खाली ताट ठेवून पाहिलं, काल तर मांजरावर झाडू उगारला.

"त्या मुक्या जिवाला मी उगाच शिव्या दिल्या," गीताबाई म्हणाली. "काय करतोस या पाण्याचं?"

सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं, म्हणून तो आतून गिटार घेऊन आला. वीस वर्षं प्लायवूडच्या गिटारीवर काढल्यावर यंदा जानेवारीत त्यानं ही घेतली होती. गुलमंडीच्या दुकानात अख्खा रविवार बसून, एकेक मांडीवर घेऊन, कान लावून निवडलेली. दुकानदारानं तेव्हाच बजावलं होतं, "असली लकडी है साहब, इसको प्यास लगती." साहेबरावाला वाटलं, माल खपवायला गडी शायरी करतोय. मग एप्रिल लागला आणि लाकूड खरंच आकसलं. मानेवरच्या धातूच्या बारीक पट्ट्यांची टोकं बाहेर येऊन बोटांना टोचायला लागली. तारा खरखरायला लागल्या. आणि तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीपाशी केसाएवढी एक रेघ दिसली. तेव्हापासून साबणाच्या डबीला भोकं पाडून, तिच्यात ओला स्पंज घालून, तो ती डबी गिटारीच्या पेटीत ठेवत होता. अर्धा पेला पाणी रोज जात होतं ते असं.

"चौदा तारखेला विहारात वाजवायचंय, माय. पहिल्यांदाच चारचौघांत. जयंती समितीतले आताच हसायलेत, गिटारीवर कुठं भीमगीत होतं व्हय म्हणून. त्यात ही फुटली तर कसं करू?"

गीताबाईनं त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"तुझ्या बापाची ढोलकी पावसाळ्यात मऊ पडायची. कार्यक्रमाच्या आधी मी चुलीपुढं धरून शेकायची तिला. तिला शेक पायजे, हिला पाणी. वाद्यांचे लई नखरे असतात बाबा."

साहेबरावाच्या जिवात जीव आला. त्यानं पुन्हा स्पंज पुढं केला.

"नाय," ती म्हणाली. "प्यायचं पाणी लाकडाला पाजायचं नाय. थेंबभरसुद्धा."

त्याचं तोंड एवढंसं झालं. गीताबाई मात्र ओट्याखाली वाकली. तिथं कोपऱ्यात तोच माठ होता, त्याला ओलं फडकं गुंडाळलेलं आणि पुढं गोणपाटाचा पडदा. तिनं पडद्याआड हात घातला आणि कोथिंबिरीची जुडी काढून त्याच्या नाकापुढं धरली.

"शनिवारची हाय. आज बुधवार. सुकली का?"

"नाय."

"माठ घाम गाळतोच की. फुकटचा ओलावा. त्यात कोथिंबीर राहती, मग तुझी गिटार का राहणार नाय? पेटीचं झाकण उघडं ठेव आन् उभी कर इथं."

गिटार कोथिंबिरीशेजारी राहायला गेली. साहेबराव कामावरून आला की चपला काढायच्या आधी ओट्याखाली डोकावायचा. "पाव्हणी बरी हाय, हात धू आधी," गीताबाई सांगायची.

तेरा तारखेला त्यानं रजाच टाकली. सकाळी पेटी बाहेर काढली आणि भीत भीत मानेच्या कडेनं बोट फिरवलं. काही टोचलं नाही. घोडीपाशी रेघ होती, पण ठाऊक असेल त्यालाच दिसावी एवढी मिटलेली. त्यानं गाणं धरलं. एकेक सूर धुतल्यासारखा निघाला. साहेबराव एकटाच हसायला लागला. एवढा आनंद त्याला गिटार घेतली त्या दिवशीही झाला नव्हता. गिटारीला कोथिंबिरीचा वास तेवढा येत होता.

गीताबाई टँकरसाठी रिकामा हंडा घेऊन निघाली होती. ती दारातच थबकली, मग उंबऱ्यावर बसली. हंडा मांडीवर आडवा घेतला आणि बोटांनी ठेका धरला. ठेका त्याच्या बापाचा होता. ढोलकी शेकता शेकता तिनं तो कधी उचलला, ते बापालाही कळलं नसेल. साहेबरावाचा हात क्षणभर चुकला, मग तिच्यामागं नीट चालायला लागला.

"रिकामा हाय म्हणून बोलतोय बघ," हंड्यावर थाप मारून ती म्हणाली.

गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला. दारं उघडली, भांडी खणखणली. शेजारची द्वारकाबाई दोन कॅन घेऊन पळता पळता ओरडली, "गीताबाई, चला की, नंबर जाईल."

अर्ध्या पेल्यासाठी मांजरावर झाडू उगारणारी गीताबाई. तिनं हंड्यावरचा हात उचलला नाही.

"जाऊ दे," ती म्हणाली. "एवढं कडवं होऊ दे."