शेळ्यांनी खाल्लेली रोपं

धाकटा भाऊ गेल्यावर थोरल्याने भावजयीला ओढ्याकाठचा तुकडा कसायला दिला. कागदपत्र कुणाचंच नव्हतं. गावची रीत एवढीच, ज्याचं झाड त्याची जमीन. तिने डोक्यावरून गाळ वाहून आणला, बांध घातला, तोवर तो कौतुकाने बघत होता. मग तिने आंब्याची रोपं लावली आणि त्याला ती रीत आठवली. बोट दिलं तर बाई मनगटच धरायला निघाली! ती बाजाराला गेल्याचं बघून त्याने सगळी रोपं उपटली आणि वर तिलाच सांगितलं, "शेळ्यांनी खाल्ली गं."

पुढच्या वर्षी तिने पुन्हा लावली. शेळ्यांनी पुन्हा खाल्ली.

यंदा ती रोपांभोवती काटेरी फांद्या रचत होती. तिचे ओरबाडलेले हात बघून त्याला राहवेना. "कशाला एवढा जीव काढतेस? नसतील जगत, तर सोड की नाद."

"असं कसं, दादा? पंचांना सांगून तुमच्याच नावाने लावतेय ती. उद्या माझ्या पोरांनी तुमच्या जमिनीवर हक्क सांगायला नको."

फांदी घट्ट दाबत ती हसली. "शेळ्यांना काय कळतंय, झाड कुणाचं ते!"