तीनशे दहा बदाम

सहा वर्षांत रविवार तीनशे तेरा. बदाम तीनशे दहा. छोटीने दोनदा मोजले, दुसऱ्यांदा खालून वर.

नोंद दर वेळी तीच होती: "दादाने आईच्या फोटोला बदाम दिला." आई रविवारी दुपारी घरच्या चौघांच्या ॲपवर काहीतरी टाकायची. कुंडीतलं रोप, धुतलेले पडदे, स्वतःचा अर्धा चेहरा. संध्याकाळपर्यंत त्याला आवडल्याचा लाल बदाम यायचा. दादा घर सोडून गेल्यापासून त्याच्याकडून एवढंच येत होतं. फोन बंद, पत्ता नाही, ॲपवर पाठवलेले निरोप न उघडलेले.

कमी पडलेले तीन रविवार सलग होते, मागच्या वर्षीचे. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे. काळा चष्मा लावलेल्या बाबांचा फोटो आईने तेव्हा मुद्दाम टाकला होता. त्यालाही बदाम आला नाही.

"बापावरचा राग काही जात नाही पोराचा," आई म्हणाली होती आणि आठवडाभर कुणाशी धड बोलली नव्हती.

आजचा बदाम नुकताच आला होता. आई ओल्या हातात फोन धरून स्वयंपाकघरातून आली.

"बघ, आला," ती हळूच म्हणाली. गॅलरीत बाबा पाठमोरे बसले होते. दादाचं नाव या घरात काढायचं नाही, असा त्यांचा दंडक होता.

"आई, उद्या त्याचा फोटोही दिसेल."

आई खुर्चीच्या कडेवर टेकली.

ज्या कंपनीचं हे ॲप होतं, तिथेच छोटी दोन वर्षं कामाला होती. तिथेच अर्ज का केला, याचं खरं उत्तर तिने मुलाखतीत दिलं नव्हतं.

"आतापर्यंत काय व्हायचं," ती सांगू लागली, "कुणी काही केलं, की त्या क्षणी त्याने स्वतःचं जे नाव ठेवलं असेल ते नोंदीत उतरवून ठेवायचो. मागे तू चुकून स्वतःचं नाव 'हॅलो' करून ठेवलं होतंस, आठवतं?"

"आठवडाभर चिडवलंत मला. हॅलोने फोटो टाकला, हॅलोने फोटो टाकला."

"त्या नोंदी अजून तशाच आहेत. आता नोंदीत नाव ठेवायचंच नाही. फक्त सदस्याचा क्रमांक. तो कधी बदलत नाही. वाचताना त्या क्रमांकावरून माणसाचं आजचं नाव आणि आजचा फोटो आणायचा. म्हणजे तुझं हॅलो जाऊन तिथे आई येईल."

"मी आहेच की आई." ती हसली, मग थांबली. "आजचा म्हणजे, आत्ता दिसतो तसा?"

"त्याने लावला असेल तर."

"दाढी ठेवली असेल. ठेवू दे. मला दिसला म्हणजे झालं."

"जुन्या नोंदींचंही तसंच होणार?"

हा प्रश्न गॅलरीतून आला. दोघी दचकल्या. बाबांनी चौतीस वर्षं लेथवर काढली होती. केसभर चूक त्यांना खपत नसे, आणि त्यांनीच लावून दिलेली कारखान्यातली नोकरी दादाने आठव्या दिवशी सोडली होती. ॲपवर ते होते, पण नावापुरते. सहा वर्षांत बाबांच्या नावाची एकही नोंद नव्हती. "बसमध्ये रुमाल टाकून जागा धरावी तसे आहेत हे," आई म्हणायची. फोनवर ते फक्त हवामान बघत.

"हो बाबा. पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या."

"पुढे ढकलता येत नाही?"

"का?"

"लोकांना जुन्याची सवय असते," बाबा म्हणाले. "उगाच घोळ."

"अहो, तुम्ही तुमचं हवामान बघा," आई म्हणाली.

ते पुन्हा पाठमोरे झाले. बराच वेळ त्यांच्या फोनचा पडदा काळाच होता.

सकाळी ती निघाली तेव्हा बाबा दारापर्यंत आले. असं ते कधी करत नसत.

"ते तू स्वतः बघणार आहेस?"

"आधी मीच. चाचणी आपल्याच घरावर करायला परवानगी दिलीय साहेबांनी."

"मग आईच्या आधी मला फोन कर."

"तुम्हाला?"

"तिचं बीपी असतं," बाबा म्हणाले. त्यांनी तिच्या पिशवीचा बंद सरळ केला, जो सरळच होता. "एकदम काही दाखवू नकोस तिला."

दहाच्या बसमध्ये तिला वाटलं, बाबांनाही बघायचाय तो. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिला त्यांची कीव आली.

ऑफिसात तिने घरच्या सगळ्या नोंदी बदलायला लावल्या आणि कुणी किती बदाम दिले याची सदस्यांप्रमाणे मोजणी मागितली. पडद्यावर पट्टी सरकू लागली. तेवढ्यात फोन वाजला. आईच होती.

"दिसला?"

"थांब, होतंय."

"मी चष्मा लावून बसलेय. हे आज गॅलरीत नाहीत, माझ्याच शेजारी येऊन बसलेत."

"थांब आई."

पट्टी पूर्ण झाली. मोजणीच्या चार ओळी आल्या.

सदस्य १, आई: ०.

सदस्य २, छोटी: ४७.

सदस्य ३, दादा: ०.

सदस्य ४, बाबा: ३१०.